चिवटरावांनी सिस्टीम बदलली

दुकानात आलेलं यंत्र मेलं, असं चिवटराव कधी म्हणत नसत. फार तर "जरा रुसलंय" म्हणत. दुकान तरी काय, दोन इमारतींच्या मधल्या बोळात एक लांबट खोली, शटर अर्ध्यावरच अडकणारं, भिंतीच्या फळ्यांवर पोट उघडून ठेवलेले लॅपटॉप, आणि मध्ये खुर्चीवर हे, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा टेबलाखाली शोधत बसलेले. खरं नाव शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही सांगता आलं नसतं. एकदा हातात घेतलेलं यंत्र सोडत नाहीत म्हणून बाजाराने नाव ठेवलं, आणि त्यांनीही ते निमूटपणे लावून घेतलं.

त्यांचं काम म्हणजे बघा, कंपनी एके दिवशी जाहीर करून टाकते की अमुक सालाच्या आधीच्या संगणकांवर आमची नवी सिस्टीम चालणार नाही. झालं. कालपर्यंत धडधाकट असलेलं यंत्र आज म्हातारं ठरतं. काही बिघडलेलं नसतं हो त्याचं. पडदा ठीक, कळा ठीक, सगळं जिथल्या तिथे. पण मग एकेक ॲप तोंड फिरवायला लागतं, तुमची सिस्टीम जुनी आहे, आमचं तुमचं जमायचं नाही. माणसं वैतागून नवीन घ्यायला निघाली की चिवटराव म्हणायचे, "ठेवा इथे. परवा या."

जगभरातल्या अशाच चिवट मंडळींनी मिळून एक जुगाड तयार केलेला होता. तो पेनड्राइव्हवर घ्यायचा, त्यावरून यंत्र सुरू करायचं, आणि नव्या सिस्टीमला पटवायचं की हे खोकं तुझ्याच पिढीचं आहे. सिस्टीम फसायची. मग वायफाय बंद पडायचं, नाहीतर आवाज जायचा, नाहीतर पडद्यावर सगळे चेहरे हिरवे दिसायचे. त्या एकेकाची समजूत काढत चिवटराव दिवस घालवायचे आणि शेवटी भंगारात निघालेलं यंत्र मोठ्या तोऱ्यात उघडायचं. गिऱ्हाईक खूश, चिवटराव त्याहून खूश.

एका बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकत नसत. काम घेण्याआधी विचारायचे, "यावर कुठकुठले प्रोग्राम चालवता? सगळे सांगा. नवी सिस्टीम जुन्या बनावटीचे प्रोग्राम उघडतसुद्धा नाही. नंतर माझ्या नावाने ओरडायचं नाही." मग आख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून ठेवायचे आणि मगच हात लावायचे. खिळे-मोळे विकणाऱ्या एका हार्डवेअरवाल्याला तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. त्याचा बिलं करायचा प्रोग्राम जुना होता. "तो गेला तर तुमचा धंदा बसेल. आहे तसंच वापरा, आणि इंटरनेटला जोडू नका," म्हणाले. आलेलं काम असं घालवतं का कुणी? पण हे घालवायचे.

घरी बायको होती. ती वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. लोक तावातावाने यायचे आणि स्वतःचीच चूक कबूल करून जायचे, असा तिचा लौकिक होता. घरातही खिडकी चालूच. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या 'हो'ला तिने कधी हो म्हटलं नव्हतं. त्यांनी पंखा लावला की हिला थंडी वाजायची, त्यांनी खिडकी बंद केली की हिचा जीव गुदमरायचा. चिवटराव कुरकुर करायचे, पण दिवसभर मुक्या यंत्रांशी झटापट करून आलेल्या माणसाला ती बडबड हवी असायची. ती माहेरी गेली की घर खायला उठायचं त्यांना.

मग तिच्या पायातून चप्पल निसटायला लागली. मग हातातून पेला. मग जीभ जड झाली. डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, शरीर हळूहळू बंद होत जाईल, पण बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहील. हे त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं.

शेवटी उजव्या हाताचं एक बोट तेवढं राहिलं. त्या बोटापुरता एक प्रोग्राम चिवटरावांनी शोधून काढला. दोन मित्रांनी मिळून काढलेल्या एका लहानशा कंपनीचा होता तो. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळत जायच्या, हवी ती ओळ आली की बोटाखालचं बटण दाबायचं, मग त्या ओळीतलं अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. शब्द जमला की यंत्र तो मोठ्याने बोलायचं. सुरुवातीला एका वाक्याला चहा निवायचा. पण तो प्रोग्राम शिकत होता. ती काय बोलते, कशापुढे काय बोलते, सगळं टिपून ठेवत होता. काही वर्षांत असं झालं की एक अक्षर दाबलं की तिचं पुढचं आख्खं वाक्य तयार. "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?" "राहू द्या, तुमच्याने व्हायचं नाही." "मी सांगितलं होतं." आणि हे सगळं स्टेशनवरच्या सूचनेसारख्या सपाट आवाजात. लेक हसून लोटपोट व्हायची. "आई, तू आता सरकारी शिव्या देतेस," म्हणायची.

लेक लांबच्या शहरात नोकरीला होती. दुपारच्या सुट्टीत ती रोज फोन करायची, त्याच यंत्रावर चेहऱ्यासकट. ती बोलायची, आई बटण दाबायची, आणि चिवटराव दुकानाचं शटर ओढून तेवढ्यासाठी घरी यायचे. आजारी बाईचा दिवस त्या एका फोनभोवती फिरायचा.

आणि एका दुपारी त्या फोनच्या ॲपने तोंड फिरवलं. तुमची सिस्टीम जुनी आहे.

चिवटरावांना खरं तर आनंदच झाला. आयुष्यभर लोकांसाठी केलं ते आता घरासाठी करायची वेळ आली होती. "बघच आता," ते म्हणाले, "असं करून देतो की लेकीच्या डोळ्याची पापणीसुद्धा दिसेल तुला."

यंत्र बोललं, "चालतंय तेवढं चालू द्या. हात लावू नका."

"अगं, तिचं तोंड बघायचंय ना?"

ओळी उजळत राहिल्या. मग यंत्र म्हणालं, "करा. पण नीट करा. घाई तुमच्या रक्तात आहे."

त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि पलंगाशेजारच्या टेबलावरच काम मांडलं. फोटो काढून घेतले. तिचे दवाखान्याचे कागद काढून घेतले. लेकीच्या लग्नाची चित्रफीत काढून घेतली. आख्ख्या डिस्कची प्रत काढायची ती काढली नाही, घरचंच तर आहे म्हणून. मग डिस्क साफ पुसली, कारण जुन्या कचऱ्यावर नवी सिस्टीम टाकणं त्यांना पसंत नव्हतं. दुपारपर्यंत वायफाय जागं झालं, रंग जागेवर आले. ठरल्या वेळी फोन वाजला आणि लेकीचा चेहरा असा स्वच्छ दिसला, की तिच्या कपाळावरची नवी आठीसुद्धा लपली नाही.

"आई, कशी आहेस?"

त्यांनी कौतुकाने बायकोच्या बोटाखाली बटण सरकवलं. तिने दाबलं. काही झालं नाही. तिने पुन्हा दाबलं. "थांब, चालू करायचं राहिलं," चिवटराव म्हणाले आणि प्रोग्राम शोधायला लागले. शोधता शोधता त्यांना कळलं, डिस्कबरोबर तोही पुसला गेला.

आता बोला. रोज उठून गिऱ्हाइकाला जो प्रश्न विचारायचा तो या माणसाने स्वतःच्या घरात विचारला नाही. विसरले म्हणावं, तर विसरण्यासारखं ते काही नव्हतं. चूक त्याहून वाईट होती. तो एक प्रोग्राम आहे, हेच त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती बायको बोलत होती. यंत्रावरच्या चीजवस्तू त्यांनी काळजीने मोजून बाजूला काढल्या, आणि बायको काय यंत्रात असते थोडीच? ती पलंगावर होती.

लेक पडद्यातून विचारत राहिली, "बाबा, काय झालं? आई बोलत का नाही?"

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. त्यांनी जुनी सिस्टीम परत टाकली. प्रोग्रामही परत टाकला, तर तो परवान्याचा नंबर कंपनीकडून तपासून घ्यायला मागे लागला, आणि पलीकडे कंपनीच नव्हती. तिच्या दोघा मालकांपैकी एकाचा पत्ता लागला. तो आता भलत्याच नोकरीत होता. फोनवर फार चांगलं बोलला बिचारा. "काका, आम्ही ते केव्हाच बंद केलं. तुमचं चालू होतं, कारण एकदा तपासल्यावर ते पुन्हा विचारत नव्हतं. आणि चालू करून दिलं असतं, तरी काकूंचे शब्द कुठून आणणार? ते तुमच्या डिस्कवरच साठत होते."

डिस्क उकरायची त्यांनी शिकस्त केली. जुन्या पद्धतीची, आत तबकडी फिरणारी डिस्क असती, तर पुसलेलं थोडंफार हाती लागलं असतं. पण बायकोला वाट बघायला लागू नये म्हणून मागच्याच वर्षी त्यांनी स्वतः हौसेने नवी वेगवान डिस्क बसवली होती, आणि जुनी पुसून एका गिऱ्हाइकाच्या यंत्रात घालून दिली होती. त्या डिस्कवरचं पुसलं की पुसलं. हेही त्यांना ठाऊक होतं. लोकांना तेच तर समजावून सांगायचे. तरी ते रोज उठून तीच डिस्क पुन्हा चाळायचे, आणि ती पलंगावरून बघत राहायची. एवढी वर्षं काडीचंही चुकू न देणारी बाई, आणि या एवढ्या मोठ्या चुकीवर तिला एक शब्द बोलता येत नव्हता. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर चिवटरावांना अन्न गोड लागलं असतं.

लेकीने टॅबलेट पाठवला. त्यावरचा नवा प्रोग्राम सुरेख होता, आवाजही गोड, एखाद्या तरुण निवेदिकेचा. पण त्याला हिचं काहीच ठाऊक नव्हतं. हिने "अहो" जमवलं की तो पुढे "आपण कसे आहात" सुचवायचा. सगळं पहिल्यापासून शिकवायला हवं होतं, आणि तेवढी ताकद त्या बोटात उरली नव्हती. दोन शब्दांनंतर बोट थकायचं. मग एके दिवशी ते हललंच नाही.

आता राहिले डोळे. चिवटरावांनी पुठ्ठ्यावर मोठी अक्षरं लिहिली. ते ओळीवर काठी ठेवत जायचे, हवी ती ओळ आली की ती पापणी मिटायची. एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. हात भरून यायचा, पण ते हटत नसत. दोन-तीन अक्षरं आली की शब्द ओळखायचे. "पाणी? कूस बदलू? उशी?" तिचं हो यायचं. चिवटरावांना वाटलं, जमतंय. मी आहे की, प्रोग्राम नसला म्हणून काय झालं.

एकदा "पं" आल्यावर त्यांनी विचारलं, "पंखा कमी करू?" तिने एकदा पापणी मिटली. त्यांनी कमी केला आणि दुकानात गेले. परत येऊन बघतात तर तिची पाठ घामाने निथळत होती, उशी ओली. वाढव म्हणायचं होतं तिला. त्यांनी पंखा वाढवला, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. नाही म्हटलं, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात, पुन्हा काठी, पुन्हा वाट. त्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं. मग त्यांना मागची सगळी हो आठवायला लागली. किती दिवस ते बायकोच्या नावाने स्वतःशीच बोलत होते, देव जाणे.

तेव्हापासून ते जपून विचारायला लागले. पण ती जे मिळेल त्याला हो म्हणत राहिली.

परवाच्या दुपारी लेकीचा फोन आला. टॅबलेट पलंगाच्या कडेला टेकवून ठेवला होता. ती म्हणाली, "आई, मी तुला इकडे घेऊन येऊ? इथे सोय आहे, बाई ठेवता येईल, मी जवळ असेन. बाबा एकटे किती करणार? तू सांग, तुला काय हवंय. तू म्हणशील तसं करू."

चिवटरावांनी पुठ्ठा धरला. "म" आलं. "ला" आलं. मग बराच वेळ काही नाही. मग "न" आलं, आणि तिची पापणी थरथरायला लागली.

"मला नको?" त्यांनी विचारलं.

पापणी ना एकदा मिटली, ना दोनदा.

"बाबा, मला आत मीटिंगला जायला हवं, सगळे थांबलेत," लेक म्हणाली.

"मला नको यायला, इथेच बरं आहे. असंच ना गं?" ते घाईघाईने म्हणाले. म्हणताना त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि त्यात ती गेली तर आपलं काय, एवढंच होतं.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग पापणी एकदा मिटली.

"ठीक आहे आई. तुझं मन तिथेच रमतं, मला माहीत होतं," लेक म्हणाली आणि पडदा काळा झाला.

चिवटराव काठी धरून बसून राहिले. 'न' वरून 'नको' होतं, तसं 'ने'सुद्धा होतं. मग त्यांनी पुठ्ठा पुन्हा तिच्यासमोर आणला. "आता कुणाला घाई नाही," ते म्हणाले. "मी मध्ये बोलणार नाही. दिवस गेला तरी चालेल. खरं सांग, तेच म्हणायचं होतं का तुला?"

तिने डोळे मिटले. पुन्हा उघडले नाहीत. ती झोपलेली नव्हती, तिच्या श्वासावरून ते त्यांना कळत होतं. काठी पहिल्या ओळीवर टेकवून ते थांबून राहिले.