ज्वारीचा डबा आणि चांदवडचा घाट

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच गिरणी होती, तरी त्या वर्षी दसऱ्यापासून मी अख्ख्या गल्लीचं दळण पांडवलेण्यांच्या चढापलीकडच्या गिरणीत सायकलवर नेत होते. हे खूळ अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. ते सातपूरला एका कारखान्यात फिटर होते. एरवी घुम्यासारखे असायचे, पण सायकलचा विषय निघाला की त्यांना तोंड फुटायचं.

थंडी पडली की सायकल शर्यतींचा हंगाम सुरू व्हायचा आणि पहिली शर्यत असायची चांदवडच्या घाटाची. साध्या सायकलींच्या गटाला एक कडक नियम होता: वाटेत पाय टेकला की बाद. आदल्या वर्षी मी दुसऱ्याच वळणावर पाय टेकला. एकटीच मुलगी असल्यामुळे बघ्यांची कमी नव्हती. "पोरींचं काम नाय हे," असं कुणीतरी अण्णांना तोंडावर ऐकवलं. एसटीतून परतताना अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला त्या माणसापेक्षा अण्णांचाच जास्त राग आला. पुढच्या वर्षी काही झालं तरी पाय टेकायचा नाही, हे मी त्या एसटीतच ठरवलं.

म्हणून ही दळणं. कॅरिअरवर पत्र्याचा मोठा डबा, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेला. "वजन घेऊन चढलीस तर बिनवजनाची उडशील," असा अण्णांचा सरळ हिशेब. सलवारच्या पायांना रबर लावून मी रोज पहाटे निघायची. बायका खूश होत्या, त्यांची खेप वाचत होती. सुरुवातीला चढाच्या मध्यावरच छाती भरून यायची. दिवाळीनंतर मी तोच चढ गिरणीवाल्याला शिव्या घालत चढू लागले, म्हणजे बोलण्याइतका दम उरत होता.

शर्यतीच्या दोन दिवस आधी अण्णांनी रजा टाकली आणि सायकल पार सोलून काढली. मडगार्ड, स्टँड, घंटी, कॅरिअर सगळं उतरवलं. मग मला म्हणाले, "आता बघ कशी पळते." गल्ली बघायला जमली. मी गल्लीतल्याच छोट्या चढाला लागले, पेडलवर उभी राहिले आणि पहिल्याच दाबाला सायकल माझ्याखालून सटकली. पुन्हा बसले, पुन्हा आपटले. तिसऱ्या वेळी गुडघा सोलला. जाताना ज्वारी, येताना पीठ. रिकामी सायकल मी दोन महिन्यांत चालवलीच नव्हती. मागच्या ओझ्यावर तोल धरायची सवय इतकी अंगात मुरली होती की ते गेल्यावर मला सायकलच येईना.

अण्णा हातात पाना घेऊन पायरीवर बसले. "चूक माझी हाय," ते म्हणाले. "रिकामी चालवून बघायला पायजे होती." या माणसाच्या तोंडून चूक हा शब्द मी कधी ऐकला नव्हता आणि मला तो ऐकवेना.

"लावा कॅरिअर. डब्यासकट," मी म्हणाले.

"लोक हसतील."

"हसू देत. मी काय त्यांच्यासाठी चढते?"

शेजारच्या मावशींनी लगेच डबाभर ज्वारी आणून दिली आणि वर दम भरला, "सांडू नकोस बरं का!"

चांदवडला हसले सगळेच. "गिरणी पुढं हाय का गं?" असं एकानं विचारलं. पंचांनी नियमांचा कागद दोनदा वाचला. जादा वजनाला मनाई कुठेच नव्हती. शिट्टी झाली तशी पोरं भन्नाट सुटली आणि मी आपली दळणाच्या चालीनं निघाले. पहिल्या वळणानंतर ती पोरं एकेक करून रस्त्याच्या कडेला दिसू लागली, पाय टेकून, खोकत. दुसऱ्या वळणावर अण्णा उभे होते. माझ्या तोंडाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते फक्त माझ्या पायांकडे बघत होते. मांड्या पेटल्या होत्या, पण डबा मागून मला जमिनीला धरून होता.

मी सहावी आले. बक्षीस तिघांनाच होतं, पण पाय टेकला नाही. पंचांनी डबा उचलून बघितला आणि घाईनं खाली ठेवला. इतका अभिमान मला पुढे नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही वाटला नाही.

"आलोच हाय तर दळून नेऊ," म्हणत अण्णांनी चांदवडलाच ज्वारी दळून घेतली. गिरणीवाल्यानं काही विचारलं नव्हतं, तरी त्याला सगळा घाट सांगितला. सायकल एसटीच्या टपावर चढली. अण्णा मात्र तो गरम पिठाचा डबा मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसले. विजार पांढरी झाली होती.

"काका, डबा खाली ठेवा की," कंडक्टर म्हणाला.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि डबा आणखी घट्ट धरला. "नाय," ते म्हणाले. "आज हा खाली टेकणार नाय."