अलीच मोठा

समजा, तुम्हाला कुणाचा तरी हात बांधायचा आहे. जखमी हात नाही, चांगला धडधाकट. थोड्या वेळाने तो कुणाच्या तरी तोंडावर आदळणार आहे. कापडी पट्टीचं टोक अंगठ्यात अडकवा, मनगटाला वेढे द्या, मग तळहातावरून बोटांच्या मुळांशी असलेल्या उंचवट्यांवर या. पट्टी सैल राहिली तर हाड मोडेल, घट्ट झाली तर बोटं बधिर होतील. आणि हे सगळं करताना समोरच्याशी भांडत राहा. हो, भांडत. ते राहून गेलं तर काम अर्धवट.

पट्टीमामांचं काम हेच. दिवसा ते इस्पितळाच्या प्लास्टरखोलीत मोडलेली हाडं सांभाळतात आणि संध्याकाळी बॉक्सिंगच्या व्यायामशाळेत न मोडलेली. लढतीआधी डावा हात मांडीवर घेतला की त्यांचा प्रश्न ठरलेला: "बोल, जगात सगळ्यात मोठा बॉक्सर कोण?" समोरचा ज्याचं नाव घेईल त्याच्या विरुद्ध मामा उभे. वाद पेटला की माणूस भीती विसरतो, त्याचा हात सैल पडतो आणि पट्टी नीट बसते. आणखी एक कारण होतं, ते मामा कुणाला सांगत नसत. आदल्या दिवशी डोक्याला मार बसलेला माणूस नेहमीसारखा भांडत नाही. म्हणून हात पट्टीवर आणि कान बोलण्यावर.

त्यांची सगळ्यात कडवी भांडखोर म्हणजे त्यांची सख्खी भाची. लहानपणापासून कानाशी अखंड गुणगुण, म्हणून घरात तिला भुंगा म्हणत. मामांचा अली, भुंग्याचा टायसन.

"विसाव्या वर्षी जगज्जेता झाला, मामा! विसाव्या!"

"आणि पुढे लोकांचे कान चावत सुटला."

"एकाच लढतीत! तुझा अली नुसता बडबड्या."

"बडबडला ते करून दाखवलं त्यानं. तीनदा किताब घेतला."

"म्हणजे दोनदा घालवला!"

"एकदा काढून घेतला त्याच्याकडून. घालवणं वेगळं, हिसकावणं वेगळं."

एवढ्यात दोन्ही हात बांधून झालेले असत. वाद मिटत कधीच नसे, पुढच्या लढतीला तो तिथूनच सुरू व्हायचा.

भुंग्याची अंतिम लढत होती त्या दुपारी कपडे बदलायच्या खोलीत पंखा करकरत होता. जिंकली तर तिची राष्ट्रीय शिबिरात निवड होणार होती, आणि तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. आदल्या दिवशी, उपांत्य सामना संपता संपता कानशिलावर एक ठोसा बसला होता. ती पडली नव्हती, जिंकलीही होती. सकाळी डॉक्टरांनी डोळ्यांत बत्ती मारून, चार प्रश्न विचारून तिला खेळायची परवानगी दिली होती.

मामांनी डावा हात घेतला. "बोल, सगळ्यात मोठा कोण?"

भुंगा समोरच्या भिंतीकडे बघत होती. "अलीच मोठा, मामा."

मामांचा वेढा मनगटावरच थांबला. "काय म्हणालीस?"

"अली. तूच बरोबर होतास."

"आणि टायसन?"

"बांध ना पटकन."

प्रशिक्षक सर दारात हसले. "वा! बारा वर्षांनी मामा जिंकले. पेढे वाटा!"

मामा हसले नाहीत. डावा हात त्यांनी पुरा केला, उजवा मांडीवर घेतला आणि पट्टीची गुंडाळी तशीच मुठीत धरून बसले. बाहेर तिच्या गटाचा पुकारा झाला.

"मामा, उशीर होतोय," सर म्हणाले.

"हिला परत तपासायला सांगा."

"सकाळीच तपासलंय की! काय झालं?"

"ही माझ्याशी भांडली नाही."

सर आवाज खाली आणून म्हणाले, "हे मी पंचांना सांगू? पोरीनं मामाचं ऐकलं म्हणून लढत थांबवा? द्या ती पट्टी इकडे, मी बांधतो."

"मामा," भुंगा म्हणाली. आता ती थेट त्यांच्याकडे बघत होती. "मी ठीक आहे. शपथ."

भुंग्याची आई कोपऱ्यात लेकीचा टॉवेल घेऊन उभी होती. "दादा, वर्षभर पोर पहाटे उठून धावलीय. तुझी खात्री आहे का?"

"नाही," मामा म्हणाले. "खात्री असती तर बरं झालं असतं."

ते उठले. बांधलेले हात तपासायला पंच दाराशी येतच होते. मामांनी त्यांना गाठून सांगितलं, "तिच्या बाजूचा माणूस म्हणून सांगतो, मला तिच्या डोक्याची शंका आहे." स्वतःच्याच बाजूने शंका आली की पंचांना डॉक्टर बोलावावेच लागतात. डॉक्टरांनी तिला रेषेवर चालवलं, महिने उलटे म्हणायला लावले. ती नीट चालली. महिने म्हणताना एकदा अडखळली. अडखळणं मनाचं की मेंदूचं, कोण सांगणार? "ठाम काही सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण शंका असताना मी तिला आत सोडणार नाही."

भुंग्याने डाव्या हाताची पट्टी दातांनी सोडली आणि मामांच्या पायाशी टाकली.

पुढे सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. शिबिरात समोरची मुलगी गेली. भुंग्याची आई म्हणते, "दादा, वाचवलीस की बुडवलीस, देव जाणे." सर मामांना अजूनही हात बांधायला बोलावतात, पण तो विषय काढत नाहीत.

भुंगा आता मोठ्यांच्या गटात खेळते आणि आपले हात आपणच बांधते. मामांशी बोलते, घरातलं, कामापुरतं. परवा ती पलीकडच्या बाकावर पट्टी गुंडाळत होती, तेव्हा मामा एका नवख्याचा हात बांधताना मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "टायसन? छे! कान चावणारा माणूस!" नवखा हसला. भुंग्याने मान वर केली, ओठ जरा हलले, आणि तिने पट्टीचा पुढचा वेढा घेतला.

मामांना तिची माफी नको आहे. आपण ती मागावी की नाही, हेही त्यांचं ठरत नाही. त्यांना एवढंच विचारायचं आहे, आणि विचारायचं धाडस होत नाही: पोरी, त्या दिवशी तुझं डोकं खरंच ठिकाणावर नव्हतं, की लढतीला जाता जाता मामाला एकदा जिंकू द्यावं असं तुला वाटलं होतं?