केकमधल्या रमचं लायसन

"या वास्तूत आजवर दारूचा एक थेंब आलेला नाही आणि येणारही नाही."

हे वाक्य सावंत तात्यांनी उभं राहून म्हटलं. तात्या म्हणजे दहिसरच्या एका ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष. कोकणातल्या एका गावातून गिरण्यांत कामाला आलेल्या माणसांनी वर्गणी काढून हे सभागृह बांधलं. गिरण्या गेल्या, सभागृह राहिलं. भिंतीवर संस्थापकांचे फोटो एका रांगेत आहेत, आणि फोटोवर खर्च करायला नको होता असा भाव सगळ्यांच्या चेहऱ्यावर आहे. तात्या बोलताना त्यांच्याकडे हात करत होते. कमिटी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून मान डोलवत होती. समोर मी आणि माझी क्लायंट, सुनीता परब.

मी परवाने काढून देते. हॉटेल, बार, केटरर, लग्नाचे हॉल. बोरिवलीत माझं छोटं ऑफिस आहे. लोक मला लायसनवाल्या मॅडम म्हणतात, नावाची गरज आजवर कोणाला पडलेली नाही. या धंद्यात मी बरीच भाषणं ऐकली आहेत आणि माझा एक अनुभव आहे, की माणूस उभा राहून बोलायला लागला की काम अर्धा तास लांबतं. त्या रविवारी एक तास लांबलं.

भानगड केकची होती.

परब बाई याच गावच्या. मंडळाच्या सभागृहाला मागे मोठं स्वयंपाकघर आहे, लग्नाच्या पंगतीसाठी बांधलेलं. आठवड्यातल्या दुपारी ते रिकामंच असायचं. तिथे त्या स्वयंपाकाचे वर्ग घेतात. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून घर त्या वर्गांवरच चालतं. वर्षातली सगळ्यात मोठी बॅच डिसेंबरची, ख्रिसमस केकची. मनुके, बेदाणे, चेरी रममध्ये भिजवून ठेवायचे आणि मग त्यांचा केक करायचा. यंदा बाईंनी जाहिरात म्हणून एक रील टाकलं. घरच्या ओट्यावर बरणीत रम ओतताना त्यांचा हात, मागे गाणं, आणि शेवटी पत्ता कळावा म्हणून सभागृहाचा फोटो. तो फोटो संस्थापकांसकट आला. कोणीतरी ते रील मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. त्या दिवशी ग्रुपवर सुप्रभातचे मेसेज आले नाहीत, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

कमिटीने ठराव केला. बाईंनी सरकारी परवाना आणावा, नाहीतर सभागृह सोडावं. बाई माझ्याकडे आल्या.

इथे थोडं कायद्याचं सांगायला हवं. आपल्या राज्यात दारूबंदीचा कायदा अजून जिवंत आहे. दुकानात जी दारू मिळते ती बंदीला अपवाद म्हणून मिळते. पिणाऱ्याला परमिट लागतं, पाजणाऱ्याला लायसन, आणि पार्टी करायची तर त्या दिवसापुरतं वेगळं लायसन. स्वयंपाकात घालणाऱ्याचं काय, हे कधी कोणी विचारलं नव्हतं. उत्पादन शुल्क खात्याला प्रश्न पडला नव्हता, केकवाल्यांनाही पडला नव्हता. दोघांचं बरं चाललं होतं.

मग नियम बदलले. सुलभीकरण झालं. पाककला वर्गांसाठी, अगदी सभागृहात चालणाऱ्यांसाठीही, नवी कॅटेगरी निघाली, थोडी दारू स्वयंपाकासाठी बाळगायची सोय झाली. आणि सोय झाली म्हणजे परवाना आला. काल जे काम चमचाभर रमने होत होतं त्याला आज अर्ज, नकाशा, अग्निशमनाचं सर्टिफिकेट आणि मी लागायला लागले. माझी तक्रार नाही. माझं पोट त्यावर चालतं. पण वैताग येतोच.

पोर्टल उघडलं. नवी कॅटेगरी ड्रॉपडाउनमध्ये होती, पुढचा फॉर्म मात्र बारचाच होता. बार काउंटरची लांबी विचारली होती. किती वाजता बंद करणार विचारलं होतं. बाऊन्सर किती, हेही. परब बाईंच्या वर्गात सगळ्यात दांडगी व्यक्ती म्हणजे कांदिवलीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, पण त्यांना मी धरलं नाही. शून्य लिहिलं, सबमिट केलं. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. कारण दिलं होतं की प्रस्तावित जागा शैक्षणिक संस्थेच्या फार जवळ आहे. मी गुगल मॅप काढला. आसपास शाळा नव्हती. मग लक्षात आलं. बाईंच्या वर्गाचं नोंदलेलं नाव "पाककला विद्यालय" होतं. सिस्टीमने विद्यालयापासून विद्यालयापर्यंतचं अंतर मोजलं होतं. ते शून्य भरलं.

नावातलं "विद्यालय" काढून "वर्ग" केलं आणि अंधेरीला खात्याच्या साहेबांना भेटायला गेले. साहेब म्हणजे कदम. तरुण, सभ्य, कोऱ्या नियमावलीसमोर बसलेला. या कॅटेगरीतला त्याच्याकडचा हा पहिलाच अर्ज होता. पहिल्या अर्जाला कोणताच अधिकारी हो म्हणत नाही, कारण मग दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही.

"मॅडम, हा केक लोक खाणार ना?"

"खाणार."

"म्हणजे सेवन झालं."

मी सांगितलं की भट्टीत रम उडून जाते, वास राहतो. कदम म्हणाला, उडाली याचं सर्टिफिकेट कोण देणार? मी विचारलं, फोडणीतला हिंग उडाला याचं कोण देतं? तो हसला. त्याने पुढे सरकवलेला कागद मात्र हसत नव्हता. जागेच्या मालकाची, म्हणजे मंडळाची, एनओसी हवी. आमची हरकत नाही, असं पत्र. त्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही.

मंडळाचा ठराव होता की आधी लायसन, मग परवानगी. खात्याचा नियम होता की आधी परवानगी, मग लायसन. माझ्या धंद्यात याला रुटीन म्हणतात.

म्हणून आम्ही त्या रविवारी कमिटीसमोर बसलो होतो, आणि तात्या संस्थापकांच्या वतीने बोलत होते. गिरणीत पगाराच्या दिवशी काय व्हायचं, किती संसार बुडाले, आणि म्हणून या माणसांनी पायाभरणीलाच ठरवलं की इथे दारू नाही. त्यात खोटं काही नव्हतं. ऐकताना मलाही आमच्या चाळीतल्या काही पगाराच्या रात्री आठवल्या. अडचण एवढीच की त्याचा केकशी संबंध नव्हता.

परब बाई गावच्या बोलीत म्हणाल्या, "तात्यानू, ह्या पिवचा नाय, खावचा आसा."

"बाटली ती बाटली, सुनीता. आज केकात घातलीस, उद्या कोणी ग्लासात घालील."

"मग माझी बॅच?"

"बॅच घे ना. शंकरपाळ्या शिकव."

खजिनदार राणे हसले. बाई हसल्या नाहीत. बॅचची फी मुलाच्या कॉलेजात जमा झाली होती, आणि अंधेरीला एका नव्या स्टुडिओने तीच बॅच एसीत काढली होती. बाईंचं सभागृह सुटलं असतं तर वर्गही संपला असता. दहिसरला एवढा ओटा त्यांना भाड्याने देणारं कोणी नव्हतं.

मी मधला रस्ता काढला. म्हटलं, एनओसी राहू द्या, निदान इन्स्पेक्शन तरी होऊ द्या. साहेब येतील, जागा बघतील, योग्य नसेल तर तेच नाही म्हणतील. तुमच्यावर दोष नको. तात्यांना हे एकदम पटलं. सरकारी माणूस येऊन वास्तूचं पावित्र्य बघून जाणार, ही कल्पना त्यांना आवडली असावी. ते म्हणाले, मी स्वतः दाखवतो साहेबांना. कानाकोपरा दाखवतो.

दिल्या शब्दाला तात्या जागले.

पुढच्या आठवड्यात कदम आला. तात्या पांढरी टोपी घालून दारात. संस्थापक दाखवले, एकेकाचं गाव-घराणं सांगितलं. स्टेज दाखवलं. पाण्याची टाकी दाखवली. स्वयंपाकघरात परब बाईंनी ओटा लखलखीत करून ठेवला होता, तो कदमने मनापासून बघितला आणि वहीत लिहून घेतलं. काम झालं होतं. मी बॅगची चेन लावली. तेवढ्यात तात्या म्हणाले, "साहेब, मागे या. आमचा राखणदार बघून जा."

कोकणात गावाच्या सीमेवर राखणदार असतो. देवळात न बसता तो रात्री काठी घेऊन गावाभोवती फिरतो, असं मानतात. माणसं मुंबईला आली तशी काही मंडळांनी त्यालाही आणलं. या मंडळाने सीमेवरचा एक दगड आणून सभागृहामागे फणसाखाली बसवला आहे. थंडी सुरू झाली की त्याला वर्षाची राखण द्यायची. कोंबड्याचं जेवण, वडे, विडी, आणि त्याला जे लागतं ते. कोकणात हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कोणी बोलून दाखवत नाही.

राखण नुकतीच झाली होती. दगडाला नवा शेंदूर होता. पुढे वाळलेलं पान, त्यावर वडा, आणि बाजूला एक क्वार्टर. अर्धी भरलेली, झाकण नीट लावलेलं.

कदमने बूट काढले. हात जोडले. मग वाकून लेबल वाचलं. माणूस भाविक असला तरी नोकरी नोकरी असते.

"काका, ही कोणाची?"

"राखणदाराची."

"आणली कोणी?"

"मीच," तात्या अभिमानाने म्हणाले. "दरवर्षी मीच आणतो. अध्यक्षाचा मान असतो तो."

राणे मागून हळूच म्हणाले, "तात्या, गप ऱ्हवा." पण उशीर झाला होता.

"म्हणजे वास्तूत मद्य आहे," कदम म्हणाला.

"मद्य कुठे? राखण आहे ती. कोणी पीत नाही हो इथे."

परब बाई तिथेच उभ्या होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "तात्या, माझ्या केकातली तरी कोण पितंय?"

तात्या ढोंग करत नव्हते, हे मला सांगायला हवं. त्यांना खरंच ती बाटली आजवर दारू वाटली नव्हती. एवढी वर्षं ते ती पिशवीतून घेऊन, संस्थापकांच्या फोटोंखालून, मागच्या दाराने फणसापर्यंत नेत होते. आता ते क्वार्टरकडे असं बघत होते, जणू ती आत्ताच कोणी तिथे ठेवली.

कदमने बूट परत घातले. म्हणाला, "मी कुडाळकडचा आहे, काका. माझ्या हातून राखणदारावर केस होणार नाही. पण बघितलं ते बघितलं. सार्वजनिक सभागृह आहे, विनापरवाना बाटली आहे. उद्या कोणी तक्रार केली तर नाव अध्यक्षाचं येणार."

"मग आता?"

कदमने माझ्याकडे बघितलं. मी या क्षणासाठी कितीतरी वर्षं फी घेत आले आहे. मी म्हटलं, नव्या कॅटेगरीत "इतर प्रासंगिक वापर" असा एक रकाना आहे. वर्गाचं लायसन झालं तर त्यात वर्षाला एक क्वार्टर बसते. नुसत्या मंडळाला ते लायसन मिळत नाही. स्वयंपाकाचा वर्ग लागतो.

तात्यांनी विचारलं, "आणि वर्ग सोडून गेला तर?"

"तर लायसन रद्द. पुढच्या वर्षी राखणदाराला सरबत."

राणे शिक्का आणायला गेले. एनओसी तिथेच, फणसाखाली, माझ्या बॅगवर ठेवून सही झाली. परब बाईंनी संधी सोडली नाही. वर्गाची जागा इतकी वर्षं तोंडी होती, ती त्यांनी त्याच दुपारी लेखी करून मागितली. तात्यांनी दिली. जाताना म्हणाले, "सुनीता, तू वकील व्हायला हवं होतंस."

बाई म्हणाल्या, "वकिलाचा ओटा कोण बघायला येतो?"

लायसन डिसेंबरच्या बॅचच्या आधी आलं. कदमने फाइल अडवली नाही. सोबत अटींचं पान आलं. त्यात लिहिलं होतं की रमयुक्त पदार्थ चाखणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे पिण्याचं वैयक्तिक परमिट असावं, वयाच्या पुराव्यासह. परब बाईंनी बॅचला विचारलं. एकीने सांगितलं, सासूबाईंना परमिट दाखवण्यापेक्षा मी केक खाणार नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, माझ्याकडे आहे, पण मी ते सांगणार नाही. बाकीच्यांनी संत्र्याच्या रसाची रेसिपी मागितली. बॅच पूर्ण भरली. एसीवाल्या स्टुडिओकडे तेव्हा लायसन नव्हतं, त्यामुळे त्यांची बॅच अडली आणि तिथल्या दोघी-तिघी इकडेच आल्या.

मी कदमला ही अट काढून टाकायला अर्ज केला आहे. तो विचाराधीन आहे. या धंद्यात मी एक गोष्ट मात्र नक्की शिकले. साहेब आला तर त्याला मागचं आवार आपण दाखवू नये, समोरच्या पार्टीला दाखवू द्यावं.

लायसन फ्रेम करून संस्थापकांच्या शेजारी लावलं आहे. नूतनीकरणाची आठवण मला तात्याच करून देतात. परब बाईंच्या केकमध्ये आता संत्र्याचा रस असतो. लायसनवर वर्षाला एकच क्वार्टर उचलली जाते. ती तात्या आणतात, आणि बिल पाककला वर्गाच्या नावाने घेतात.