बुधाजीची उजवी बाही

एरिक मिस्किटा या माणसाला स्वस्थ बसता येत नाही. माझ्या दुकानात त्यांच्यासाठी एक स्टूल आहे. त्यावर आजवर माझी कात्री बसली, टेप बसला, शेजारणीचं मांजर बसलं, पण ते कधी टेकले नाहीत. चहा उभ्याने घ्यायचा, बोलायचं येरझाऱ्या घालत, आणि बोलता बोलता एखाद्या गिऱ्हाइकाच्या हातातलं कापड चुरगाळून त्या बाईच्या तोंडावर सांगायचं, "हे सुती नाय गो, फसवलं तुला." माझी चांगली गिऱ्हाइकं पळवलीत या माणसाने. वर मलाच विचारणार, आज दुकान रिकामं कसं?

राहायला गिरगावच्या वाडीत, जुनं ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिश्चनांचं घर. आयुष्य गोदीत क्रेन दुरुस्त करण्यात गेलं. रिटायर झाल्यावर माणसं बागेत जातात, चर्चमध्ये जातात, हे वाळवंटात गेले. खरंच सांगतेय. मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांचा एक ग्रुप आहे. दुसऱ्या महायुद्धात आपले सैनिक आफ्रिकेच्या वाळवंटात लढले, त्यांच्यासारखे कपडे घालून ही मंडळी दर हिवाळ्यात राजस्थानात जातात आणि ती लढाई पुन्हा उभी करतात. खंदक खणतात, डब्यातलं थंडगार खातात, रात्री कुडकुडतात आणि सोमवारी परत ऑफिसात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "अंकल, एवढाले बाप्ये आणि युद्ध-युद्ध खेळता?"

पण अंकल लढत नाहीत. ते कपडे जमवतात. खाकी ड्रिलचे शर्ट, हाफपँटी, लोकरी मोजे, तळाला खिळे ठोकलेले बूट, पितळी बकलांचे पट्टे. जे जुनं मिळेल ते जुनं, जे मिळणार नाही ते हुबेहूब नवं. ते नवं शिवायला मी, वैशाली कासारे, परळ, चाळीचा तळमजला, शाळेचे युनिफॉर्म आणि नाटकांची ड्रेपरी. एकदा हिंदमाताच्या कापडबाजारातून त्यांनी खाकीचा अख्खा तागा आणला, मी कापायला घेणार तेवढ्यात खिडकीशी नेऊन बघितला आणि परत करून आले. का? तर उन्हात हिरवट दिसतो. दुकानदाराने हात जोडले असतील.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण एक दिवस मीच तोंड उघडलं आणि डोक्याला ताप लावून घेतला.

वरच्या खोलीत माझी आजी राहते, आईची आई, कमलाबाई. वय अठ्ठ्याऐंशी, डोकं माझ्यापेक्षा तेज, पण दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. तिचे वडील, बुधाजी, त्या युद्धात गेले ते परत आलेच नाहीत. आजी तेव्हा चार-पाच वर्षांची. त्यांचा एकही फोटो नाही. आजी नेहमी म्हणते, "आवाज आठवतो गं, तोंड आठवत नाही." मी हे अंकलना सहज सांगितलं, बटणं लावता लावता. अंकलच्या येरझाऱ्या थांबल्या.

"कुठल्या पलटणीत?"

"मला काय ठाऊक? आफ्रिकेत होते म्हणतात. वाळूत."

"तोंड तर मी देऊ शकत नाय," अंकल म्हणाले. "पण तिचा बाप तिथे कसा दिसला असेल, ते तिला दाखवतो. तिचे डोळे आहेत तोवर."

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी टिकवू. तेव्हा आजीला समोरचा माणूस दिसायचा, कडेचं सगळं गेलं होतं. नळकांड्यातून बघितल्यासारखं दिसतं, असं म्हणायची. घाई करा, एवढंच मी अंकलना सांगितलं.

आणि पहिल्या वेळी खरंच घाई केली हो त्यांनी. माझ्या धम्मपालमामाला भेटले, त्याच्याकडून सगळी माहिती घेतली. मामा म्हणजे आमच्या वस्तीचा वक्ता. जयंतीला माइक हातात आला की बुधाजी आजोबा बंदूक घेऊन शत्रूवर धावलेच म्हणून समजा. आम्ही लहानपणापासून टाळ्या वाजवत तेच ऐकलंय. अंकलनी त्याप्रमाणे अख्खा शिपाई उभा केला, छातीवर काडतुसांच्या थैल्या, खांद्यावर लाकडाची बंदूक. स्वतःच घालून, मामाला बरोबर घेऊन आले. वय त्रेसष्ट, पण अंगाने काठी, त्यामुळे बसलं सगळं बरोबर.

आजीने त्यांना उजेडात उभं केलं. बराच वेळ बघितलं. मग थैल्यांना हात लावला.

"हे काय?"

"गोळ्या ठेवायच्या, मावशी."

"कशाला? माझा बा पाण्याची गाडी चालवायचा. डायवर होता तो."

मी मामाकडे बघितलं. मामा म्हणाला, "आई, तू कधी बोलली नाहीस!" आजी म्हणाली, "तू कधी माइक खाली ठेवलास?"

आता ही चूक आमचीच. वस्तीत सैनिक म्हटला की त्याच्या हातात बंदूक आलीच पाहिजे. पाणी नेणाऱ्याला टाळ्या कोण वाजवणार? घरात जिवंत साक्षीदार बसलेली, आणि तिला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी म्हटलं, ठीक आहे, थैल्या काढा, बंदूक ठेवा बाजूला, कपडे तर तेच! झाला ड्रायव्हर! आजीला आत्ता दिसतंय तोवर बघू दे. पण अंकल ऐकतील तर ना. "नाय गो. ड्रायव्हरचा कपडा वेगळा झिजतो. हा शर्ट खोटा आहे. एकदा खोटं दाखवलं, दुसऱ्यांदा नाय दाखवणार." असं म्हणून जिना उतरले आणि गेले.

मग सुरू झाला तमाशा. हाफपँटची बसायची जागा झिजलेली हवी, म्हणून महिनाभर तीच हाफपँट घालून बसने फिरले. आयला, बसायला म्हणून माझ्या दुकानात कधी बसले नाहीत, बसमध्ये मात्र फेऱ्यांवर फेऱ्या! त्यांच्या बायकोने, नॉर्माआंटीने, माझ्याकडे फोनवर हात टेकले. "वैशाली, लोक मला विचारतात, एरिकची पेन्शन बंद झाली काय?" मग वाळूपासून डोळे झाकायचा चष्मा. तो मिळाला, तर त्याचा पट्टा चुकीचा. मग बाही. गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे, कोपर खिडकीबाहेर, म्हणजे उजवी बाही डावीपेक्षा जास्त विटणार. हे डोक्यात आलं आणि माणूस गच्चीवर राहायलाच गेला. शर्ट दोरीवर, सगळ्यावर चादर, उजवी बाही तेवढी बाहेर. दर तासाला जाऊन बघायचं. विटली नाही पुरेशी. पावसाळा लागला, ऊन गेलं. अंकल म्हणाले, ऑक्टोबरमध्ये बघू.

ऑक्टोबर! मी फोनवर तोंड सोडलं. "अंकल, तिकडे माझ्या आजीची नजर रोज थोडी थोडी जातेय, आणि तुम्ही बाही वाळत घालताय? काल तिने भिंतीला नमस्कार केला, बाबासाहेबांचा फोटो हातभर पलीकडे होता!" अंकल चालत असल्याचा आवाज येत होता फक्त, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं, आता तरी येतील. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, लोकरीचा स्वेटर नॉर्मा विणतेय, गळा चुकला, उसवलाय.

मग मी फोन करणं बंद केलं. राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. आजी रोज विचारायची, "तो गिरगावचा येणार होता ना?" सुरुवातीला मी काहीबाही सांगायचे. दिवाळीनंतर तिने विचारणं सोडलं. तोवर तिला खिडकी कुठे आहे तेवढंच कळायचं.

अंकल आले ते डिसेंबरात, भर दुपारी, वर्दी घालूनच. गिरगावहून तसेच आले होते. शर्टावर ऑइलचे डाग, एक बाही जवळजवळ पांढरी, दुसरी खाकी. दुकानात मी एकटीच होते. माझं हातातलं काम तसंच राहिलं. खोटं कशाला बोलू, मी या धंद्यात पंचवीस वर्षं आहे आणि असा कपडा कधी बघितला नाही. त्या शर्टात कुणीतरी खरोखर जगलं होतं.

"आता बरोबर आहे," अंकल म्हणाले.

"आता तिला दिसत नाही," मी म्हटलं.

त्यांचं तोंड मला बघवेना. परत फिरायला लागले, तसं मी दंड धरला. "कुठे निघालात? वर चला. निदान सांगा तिला, तुमच्या तोंडाने."

जिन्यावर बुटांच्या खिळ्यांचा आवाज मोठा होत होता. आजी खाटेवर बसली होती, तिने दाराकडे मान वळवली. मी म्हटलं, "आजी, अंकल आलेत. तुझ्या बाच्या कपड्यांत."

"जवळ ये," आजी म्हणाली.

अंकल तिच्यापुढे वाकले. आजीने शर्ट हाताने बघितला, कॉलर, बटणं, कोपर, मग ऑइलचा खरखरीत डाग. त्यावर बोटं फिरवत राहिली. वर्षभर मी मनात शिव्या साठवल्या होत्या, त्या मला आता द्यायच्या होत्या. पण आजीच बोलली, आणि इतक्या बारीक आवाजात की मी दचकले.

"लय उशीर केलास रे, बा."

मला वाटलं, आता अंकल सॉरी म्हणणार, बाहीचं आणि उन्हाचं सांगत बसणार. मी डोळ्यांनी दटावलंसुद्धा.

"गाडी रुतली होती, बाय," अंकल म्हणाले. "वाळूत. चाकं निघेनात."

"खोटं बोलतोयस," आजी म्हणाली. मग त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "पण बोल. थांबू नकोस."

आणि एरिक अंकल बोलायला लागले. दिवसा गाडीचा पत्रा कसा भाजायचा आणि रात्री स्वेटर घालूनही दात कसे वाजायचे. डोळ्यांत, दातांत, भाकरीत वाळू. मागे पाण्याची टाकी भरलेली, पण आपल्याला मोजकंच, कारण पुढे पोरं वाट बघतायत. त्यातली अर्धी तहानेने मेली असती, बाय, तुझा बा पोचला नसता तर. हे कुठल्या भाषणात मी ऐकलं नव्हतं. मी दाराला टेकून रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

बोलता बोलता गाडी शेवटच्या फेरीला निघाली, आणि अंकल अडखळले. पुढे काय झालं ते आम्हां तिघांनाही ठाऊक होतं. आजीला तर ऐंशीच्या वर वर्षं ठाऊक होतं.

"आणि मग?" आजीने विचारलं.

"आणि मग आलो ना, बाय," अंकल म्हणाले.