एसीतला वास परत द्या

आधीच सांगून टाकते, म्हणजे कॉमेंटमध्ये मला अक्कल शिकवायचे तुमचे कष्ट वाचतील. मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. अमावस्या, लिंबू-मिरची, आडवं गेलेलं मांजर... यातलं काहीही मी मानत नाही. वास म्हणजे हवेतून आलेले रेणू. ते नाकात गेले की वास येतो, नाही गेले की येत नाही. विषय संपला. निदान गेल्या मे महिन्यापर्यंत तरी संपलेला होता.

आम्ही पुण्याजवळ मांजरी गावात राहतो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला आमच्यासारख्यांचे टॉवर. सासूबाई सोलापूरकडच्या, ऑपरेशनसाठी आमच्याकडे आलेल्या. छातीतली गाठ काढली आणि पुढे रेडिएशनची पंचवीस सिटिंग सांगितली. सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी अकराला, पार डेक्कनच्या बाजूला. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं – मध्येच सोडलंत तर केलेलं सगळं पाण्यात. माझा नवरा संदीप तळेगावच्या कंपनीत, साडेसहाला घराबाहेर. मला कॉलेजची सुट्टी. म्हणजे ड्रायव्हर कोण, हे वेगळं सांगायला नको.

पहिले तीन दिवस भयंकर गेले. त्या मशीनच्या खोलीच्या दारातूनच आई मागे फिरायच्या. मी आणि नर्स, दोघी मिळून त्यांना आत न्यायचो.

चौथ्या दिवशी हडपसरच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो होतो आणि एसीतून तो वास आला. कसा सांगू? गूळ करपावा, तो ओल्या गोणपाटात बांधून आठ दिवस आंबवावा आणि मग कोणीतरी नाकाशी आणून धरावा, तसा. काचा बंद. बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून असतं ते बटणही दाबलेलं. बाजूला बघितलं तर आईंनी पदर तोंडाला लावलेला आणि डोळे गच्च मिटलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधीच रेडिएशनने मळमळतंय त्या बाईला, त्यात आपली गाडी ही अशी!

काचा उघडाव्यात तर डंपरचा धुरळा, वर चाळीस डिग्री. रोज तेच. जाताना वास, येताना नाही. आई एका शब्दाने बोलत नव्हत्या. भिडस्त स्वभाव, दुसरं काय, असं मी धरून चालले. संदीपला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याचं नाक कोविडपासून रजेवर आहे. घरात वरण करपलं तरी हा शांतपणे पेपर वाचत बसतो.

सर्व्हिस सेंटरला गेले. तिथला माणूस ब्लोअरवर नाक टेकवून म्हणाला, "मॅडम, कुठाय वास?"

"आत्ता नाहीये. जाताना येतो."

"कुठं जाताना?"

"हॉस्पिटलला जाताना."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच पेशंट. "पावसाळ्यात येतो कधी कधी, मॅडम."

"अहो, मे महिना चालू आहे! कॅलेंडर लावता का नाही भिंतीवर?"

दोन चकरा झाल्या, दोन्ही वेळा हेच. सोसायटीत सल्ल्यांचा पाऊस. कोणी म्हणालं कापूर ठेवा, कोणी म्हणालं कॉफीची पूड. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर, एसी बंद करण्याआधी दोन मिनिटं नुसता पंखा चालवायचा असतो, हे मला लिफ्ट अडवून समजावलं. सगळं केलं. वास हटेना. शेवटी सर्व्हिस सेंटरला जाऊन मी अक्षरशः ठाण मांडलं. फिल्टर बदला, कूलिंग कॉइल फोमने धुवा, पाणी जायची नळी साफ करा, आतला डॅशबोर्ड उघडा, मेलेला उंदीर निघाला तर मला दाखवा! उंदीर निघाला नाही. पण गाडी परत आली तेव्हा नुसता लिंबाचा सुगंध. मी जिंकले होते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बाराव्या सिटिंगला, मी ऐटीत एसी लावला. पुलाखालचा सिग्नल ओलांडला. आईंनी दोनदा नाकाने हवा ओढली.

"वास कुठं गेला गं?"

"घालवला, आई! तुम्हाला किती त्रास होत होता ना?"

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. हॉस्पिटलच्या दारात गाडी उभी केली, दार उघडलं... त्या उतरेचनात. सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून बसल्या. "मला न्हाई जायचं. घरी ने." नर्स आली, डॉक्टर आले, संदीपने फोनवरून हात जोडले. ढिम्म. दुसऱ्या दिवशी तर गाडीतही बसायला नकार. निम्मं रेडिएशन बाकी. डॉक्टरांचा फोन – उद्या आणलं नाहीत तर अवघड आहे.

मग माझाही तोल गेला. म्हटलं, "आई, तुमच्यासाठी मी त्या लोकांशी भांडभांड भांडले, आणि तुम्ही ऐन वेळी असं करता?"

त्या खाली मान घालून म्हणाल्या, "तुला कुनी सांगितलं होतं घालवायला? तो ह्यांचा वास होता."

ह्यांचा म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. माझ्या लग्नाच्या आधीच ते गेले, मी त्यांना फोटोतच पाहिलंय. साखर कारखान्यात मळीच्या टाकीवर कामाला होते. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरतो तो काळा, चिकट पाक. त्याचा वास अंगात, कपड्यांत, केसांत मुरतो म्हणे. "चौथ्या दिवशी आले बघ," आई म्हणाल्या. "मग भ्या वाटलं न्हाई मला." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चौथ्या दिवसापासून त्या त्या खोलीत आपल्या पायांनी जात होत्या, आणि मी मात्र उंदीर शोधत बसले होते!

मी त्यांना स्मृती, मेंदू, भास यावर लहानसं लेक्चर दिलं. पण देतानाच माझं मला कळत होतं की हे फोल आहे. कारण भास त्यांना झाला असेल, मला कसा होईल? मी जन्मात मळी हुंगलेली नाही. रात्री जेवताना संदीपला वासाचं वर्णन सांगितलं – करपलेला गूळ, ओलं गोणपाट. त्याचा घास हातातच राहिला. "बाबांचे शर्ट," एवढंच म्हणाला.

सकाळी आठला मी सर्व्हिस सेंटरच्या दारात हजर.

"माझा जुना फिल्टर परत द्या."

"मॅडम?"

"काल-परवा काढलात तो. घाणेरडा. जसा होता तसा हवाय."

"तो स्क्रॅपमध्ये गेला, मॅडम. वास परत येतोय का?"

"येत नाहीये! हीच तर तक्रार आहे!"

त्या बिचाऱ्याने पाणी आणून दिलं. मी प्यायले आणि पार्किंगमध्ये गाडीत येऊन बसले. एसी फुल केला. लिंबू. नुसतं लिंबू. आणि मग मी, केमिस्ट्रीची शिक्षिका, एसीच्या जाळीशी बोलले. त्याची मला आजही लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? म्हटलं, "बाबा, मी तुमची सून. आपली ओळख नाही. पण हे काही बरोबर नाही. आलात ते न विचारता, आणि गेलात ते फोमच्या एका डब्याला भिऊन? त्या तिकडे जेवत नाहीत. अर्ध्यात सोडून जायचं होतं तर आलातच कशाला?"

काही झालं नाही. लिंबू, लिंबू आणि लिंबू.

घरी येऊन आईंना म्हटलं, "नुसत्या पुलापर्यंत चला. नसले तर तिथूनच वळवते, शब्द देते." त्या आल्या. उसाच्या शेतांपाशी काही नाही. रेल्वे फाटकापाशी काही नाही. पुलाखाली सिग्नलला थांबलो. मी स्टीअरिंग घट्ट धरून बसले होते.

आणि आला. इतका उग्र की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईंनी पदर तोंडाला लावला, डोळे मिटले. या वेळी मी नीट बघितलं. त्या हसत होत्या.

त्या दिवशी बारावं सिटिंग झालं आणि पुढची तेराही एकदाही चुकली नाहीत. मी रोज तोंडाने श्वास घेत, ओकारी दाबत गाडी चालवली, आणि त्या शेजारी खुशाल मांडी घालून बसल्या. शेवटच्या दिवसानंतर वास आलेला नाही. फिल्टर तोच, कॉइल तीच, रस्ता तोच. बुरशी म्हणाल तर ती धुतलेल्या कॉइलवर दोन-तीन दिवसांत कशी वाढेल? आणि ठरावीक तारखेला स्वतःहून कशी मरेल? ज्यांना उत्तर ठाऊक असेल त्यांनी जरूर लिहा. फक्त मला 'भास' म्हणू नका, मी चिडते.

त्या शेवटच्या दिवशी घरी येताना मात्र मी आईंना विचारलं, "एवढ्या घाण वासाचा तुम्हाला त्रास कसा नाही झाला हो?"

त्या म्हणाल्या, "तीस वर्सं मी ह्यांना दारातच अडवलं. आधी आंघोळ, मग आत. शेवटच्या दिवशी पाळीवरनं आले, म्हनले छातीत कसंतरी हुतंय, जरा टेकतो. मी म्हनलं, आधी आंघोळ." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "न्हाणीतनं बाहेर आलेच न्हाईत. म्हनून आता म्हनलं, असू द्या. बसा तसंच."