सोमवारी काढतो

दुसऱ्यांनी केलेला पसारा साफ करतात म्हणून आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे झाडू म्हणतात आणि ह्यांना त्याचा अभिमान आहे. घरात मात्र स्वतःचा चहाचा कप उचलून सिंकमध्ये ठेवतील तर शपथ.

ह्यांचं काम नेमकं काय ते कळायला मला लग्नानंतर चार वर्षं लागली. प्रोग्रॅमर जे लिहितात ते मशीनच्या भाषेत उतरवून देणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. ह्यांच्या कंपनीचा कंपायलर बावीस हजार फाइल्सचा. त्यातली कुठली आधी तयार करायची, कुठली नंतर, कुणाचं कुणावाचून अडतं, हे सांगणारे नियम म्हणजे बिल्ड सिस्टिम. वीस वर्षं जो आला त्यानं आपला एक नियम कुठेतरी खोचला आणि निघून गेला. एक ना धड, भाराभर चिंध्या. एका फाइलीत स्वल्पविराम हलवला तरी सगळं पहिल्यापासून, तीन तास. हा पसारा उपसून नव्यानं लावायचं काम ह्यांनी हौसेनं मागून घेतलं. त्यानंतर सहा महिने जेवताना, दात घासताना, माझ्या आईशी फोनवर बोलतानासुद्धा दुसरा विषय नाही. आईनं मला हळूच विचारलं, जावईबापूंची तब्येत बरी आहे ना.

आणि कुठेही गाठ सापडली की खापर एकाच डोक्यावर. डिंकाच्या. डिंक हा ह्यांचा जुना मित्र, शेजारच्या टेबलावरचा. मोडलेलं काहीही तात्पुरतं चिकटवून देण्यात पटाईत, म्हणून डिंक. नऊ वर्षांपूर्वी एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे कंपायलर चुकीचा गेला, तेव्हा ह्यांनी भर मीटिंगमध्ये सांगितलं की हा डिंकाचाच उद्योग. दोन महिन्यांत त्यानं नोकरी सोडली आणि कॉलेजात शिकवायला लागला. राहतो आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. हे तेव्हापासून त्या रस्त्यानं जात नाहीत. मी आणि त्याची बायको मात्र दर आठवड्याला त्यांच्या घरी भेटतो, नवऱ्यांच्या कामाचंही बोलतो; ते ह्यांना सांगून मी कशाला घर पेटवून घेऊ?

तर ह्या शुक्रवारची मुदत होती. साहेबांनी बजावलं होतं, कोऱ्या मशीनवर, कुणाचा हात न लागता, नव्या नियमांनी कंपायलर उभा राहिला पाहिजे. नाहीतर जुनंच चालू ठेवायचं आणि सहा महिन्यांचं काम कचऱ्यात. बुधवारी हे घरूनच काम करत होते. साडेअकराला गाडी अडली. प्रोसेसरच्या सगळ्या आज्ञांची एक लांबलचक यादी लागते, आणि ती कुठून येते हे एकाही नियमात नव्हतं. जुनं बिल्ड ती गुपचूप ऑफिसातल्या एका जुनाट मशीनवरून उचलत होतं. नऊ वर्षांपूर्वी गिऱ्हाइकाकडे घोटाळा झाला तो ह्याच यादीच्या शिळ्या प्रतीमुळे. नुसती उचलून आणायची नव्हती, नव्यानं तयार करायची होती, आणि ती तयार कशी करायची हे कुणालाच माहीत नव्हतं.

ह्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. डिंक असा, डिंक तसा, जाताना सुरुंग पेरून गेला. मी भाजी चिरता चिरता एवढंच विचारलं की फाइल कुणी ठेवली ते मशीन सांगत नाही का. सांगतं, म्हणाले, आणि तिरमिरीत बघायला गेले.

थोड्या वेळानं मी जाऊन पाहिलं. अकरा वर्षांपूर्वीची तारीख, शेजारी ह्यांचंच नाव, आणि फाइलीच्या पहिल्या ओळीत ह्यांच्याच हातची टीप: 'तात्पुरतं. सोमवारी काढतो.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन सेकंदांचं काम होतं हो! नऊ वर्षं ह्या माणसानं एका भल्या मित्राला शिव्या घातल्या, आणि दोन सेकंद बघितलं नाही. मला इतका संताप आला की भाजी तशीच पडू दिली. यादी कशी केली होती ते आठवतंय का, विचारलं. नाही म्हणाले. मग आठवणारा कोण, ते दोघांनाही माहीत होतं.

मी माझ्या फोनवरून नंबर लावला आणि फोन ह्यांच्या हातात दिला.

"वहिनी, बोला," तिकडून आवाज आला.

ह्यांनी फोन कानाला लावला. मग म्हणाले, "मी बोलतोय. ती आज्ञांची यादी... ती मी ठेवली होती."

"माहीत आहे. तू ठेवलीस तेव्हा मी शेजारीच होतो."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. तू ओरडत होतास."

पुढे तोच म्हणाला, कोऱ्या मशीनवर अडलंय ना, पेन घे. अवजारांच्या फोल्डरमधला तिसरा प्रोग्रॅम दोनदा चालवायचा, दुसऱ्यांदा त्याला त्याचंच पहिलं उत्तर खायला द्यायचं, म्हणजे क्रम बरोबर लागतो. अकरा वर्षांनी त्याला हे तोंडपाठ. ह्यांनी विजेच्या बिलामागे लिहून घेतलं. अक्षर इतकं वाकडं की नंतर मलाच वाचून दाखवावं लागलं.

शुक्रवारी दुपारी कोऱ्या मशीनवर कंपायलर उभा राहिला. कुणाचा हात न लागता, चाळीस मिनिटांत. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली तेव्हा ह्यांनी त्या मीटिंगमध्येच सांगितलं म्हणे, की नऊ वर्षांपूर्वीची चूक माझी होती, डिंकाची नव्हती. निम्म्या लोकांना डिंक कोण ते ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी घरी आले. कप सिंकमध्ये ठेवला. चपला काढल्या, पुन्हा घातल्या आणि दारात उभे राहिले.

"कितवा मजला गं त्यांचा?"

"तिसरा. लिफ्ट बंद असते," मी म्हटलं.

मला कसं माहीत, हे ह्यांनी विचारलं नाही.