उपवासाचं पपनस

त्या श्रावणात मला घरात एका जागी बसवत नव्हतं. आप्पांचे पाय दुखत होते आणि माझ्याशिवाय कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. केजला आमचं किराणा दुकान. दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा नुकत्याच लटकायला लागल्या होत्या. उन्हाळ्यात बीडच्या डॉक्टरांनी आप्पांना कोलेस्टेरॉलची नवीन निघालेली गोळी सुरू केली होती. श्रावण अर्धा सरला आणि गादीवरून उठताना ते कण्हायला लागले. मांड्या इतक्या भरून यायच्या की त्यांना हात धरून उठवावं लागे. जो तो म्हणे, वय झालं. पन्नाशीत कसलं डोंबलाचं वय?

लघवी कोऱ्या चहासारखी झाली तेव्हा मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. आईला आणि त्यांना जीपमध्ये घातलं आणि तडक बीड गाठलं.

"खाण्यात काय असतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काईच न्हाई," आई म्हणाली. "श्रावण हाय. दिवसभर उपवास अस्तो ह्यांचा."

डॉक्टरांनी मान हलवली आणि दुसरंच काही विचारू लागले. माझं टाळकं सरकलं. परसातल्या झाडाचं पपनस आई रोज दुपारी सोलायची, एकेक फोड साफ करून ताटली आप्पांपुढे ठेवायची. मी म्हटलं, "आई, पपनस सांग की."

"ते फराळाचं हाय. ते कुठं खाणं झालं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. या फळामुळे ही गोळी अंगात साठत जाते, स्नायू झिजतात, मूत्रपिंडंसुद्धा निकामी होऊ शकतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. गोळी बंद केली, आप्पांना लगेच दाखल करून सलाइन लावलं. आता लघवीचा रंग निवळायची वाट बघायची होती. मी दार ते खिडकी येरझाऱ्या घालत होते. जीव थाऱ्यावर नव्हता, आणि खरं सांगायचं तर आईचा रागही आला होता.

आई खाटेला धरून उभी होती. "मीच चारलं की ओ तुमाला," ती म्हणाली.

आप्पांनी डोळे उघडले. "तू एवढं सोलून म्होरं ठिवायचीस म्हणून खायचो. मला ते कदी आवडलंच न्हाई."

"मंग येकदा तरी सांगायचं," आई म्हणाली आणि रडायला लागली.